चांदमारीची शिट्टी

मोठ्या साहेबाने म्हाताऱ्याला फसवलं, आणि माझ्या तोंडून फसवलं. हे आधीच लिहून टाकतो. कारण जुने दिवस सांगायला लागलो की माझाच आवाज मऊ होतो आणि ऐकणाऱ्याला वाटतं, चला, म्हातारपणी आठवणी काढतोय बिचारा. मी बिचारा नाही. आयुष्यभर सौदे केले, आणि दिलेला एकही शब्द फिरवला नाही. दुसऱ्याने फिरवला तो एकच, आणि त्याचा जाब मी अजून मागतोय.

जर्मन-जपानशी चाललेल्या लढाईच्या त्या वर्षांत नगरच्या छावणीत सारखी नवी माणसं येत आणि हत्यार चालवायला शिकून पुढे जात. भिंगारच्या पलीकडे माळावर पिस्तुलाची चांदमारी होती. मागे मातीचा उंच बांध, बांधापुढे ओळीने उभी केलेली टार्गेटं, आणि त्यांच्या समोर थोडं अंतर सोडून नेम धरणाऱ्यांची रांग. टार्गेट म्हणजे बांबूची चौकट. तिच्यावर तरट ताणायचं, तरटावर खळीने कागद डकवायचा, कागदावर काजळीने माणसाचा आकार काढायचा. बांबू, तरट, सुतळी, कागद आणि खळीचं पीठ पुरवायचा मक्ता माझा होता. पाथर्डीकडून डोक्यावर केरसुण्यांचा भारा घेऊन मी नगरात आलो होतो. त्या मक्त्यापर्यंत पोचायला किती दारांत उभं राहावं लागलं ते माझं मला माहीत. त्यामुळे माझ्या मालाला कोणी नाव ठेवलं की माझं डोकं फिरायचं. आणि चांदमारीवर टार्गेटं उभी करणारा तो म्हातारा दर खेपेला माझ्या मालाला नाव ठेवायचा.

गाडी माळावर पोचली की तो आधी बैलांना पाणी दाखवायचा, मग माझ्याकडे न बघता एकेक बांबू ओढून काढायचा. बांबूला कान लावायचा, बोटाच्या पेराने टकटक करायचा आणि डोळे मिटून उभा राहायचा.

"ह्यो कोन्त्या पाखातला, शेट?"

"अंधाऱ्या पाखात तोडलेला आहे, बाबा. विचारून घेतलाय."

"खोटं. ह्यो पुनवंचा हाय. ह्याच्यात भुंगा बोलतोय."

"तुम्हाला डाव्या कानाने माणूस ओरडला तरी ऐकू येत नाही, आणि भुंगा ऐकू येतो?"

"मान्सं लई बोलत्यात. भुंगा कामापुरतं बोलतो."

पिस्तुलांच्या आवाजाने त्याचा डावा कान गेला होता आणि उजवा अर्धाच राहिला होता. म्हणून तो स्वतः नेहमी ओरडून बोलायचा. माझ्या मालाची निंदा भिंगारच्या वेशीपर्यंत ऐकू जायची. मी संतापून बांबू परत गाडीत टाकायचो, आठवडाभर घरी ठेवायचो, आणि पुढच्या खेपेला तेच बांबू गाडीत उलट्या तोंडाने रचून न्यायचो. तो कान लावायचा, टकटक करायचा आणि खूश होऊन म्हणायचा, "ह्याला म्हनत्यात बांबू! मागल्या खेपंला असा का न्हाई आनला?" एकदाही त्याला ते कळलं नाही. कळलं असेल तर त्याने दाखवलं नाही. तेवढ्यापुरता मी जिंकायचो आणि घरी जाताना गाडीत एकटाच हसायचो. आजही बांबूची वखार दिसली की माझं बोट आपोआप टकटक करतं.

दिसायला तो कसा होता ते सांगतो. एका धिप्पाड गोऱ्या सोल्जरने टाकून दिलेला खाकी कोट, त्याच्या बाह्या कोपरापाशी कापलेल्या, खाली गुडघ्यापर्यंत धोतर, डोक्याला मुंडासं आणि मुंडाशात खोचलेला खळीचा कुंचा. कुंचा कायम ओला असायचा, त्यामुळे त्याच्या कानामागे खळीचा एक वाळका ओघळ असायचा. गोरे त्याला 'बुढ्ढा' म्हणायचे, आपले शिपाई 'बाबा' म्हणायचे. नाव कोणीच घेत नसे. बायको कधीच गेलेली, मूल नव्हतं. चांदमारीच्या कडेला दगडामातीची एक खोली होती, तिच्यात राहायचा.

टार्गेटांना तो टार्गेट म्हणत नसे. 'पाव्हनं' म्हणायचा. सकाळी थंडीत माळावर धुकं असायचं, चंडोल वर चढून ओरडत असायचे, आणि म्हातारा खांद्यावर एकेक चौकट घेऊन बांधाकडे जाताना दिसायचा. मुरमात आधीच खणलेल्या खड्ड्यांत बांबू रोवायचा, दगड ठोकून आवळायचा, वाऱ्याने हलतंय का ते बघायचा. सगळी ओळ उभी झाली की एक विचित्र काम करायचा. प्रत्येक टार्गेटापुढे, त्याला पाठ लावून, रांगेच्या दिशेने तोंड करून स्वतः उभा राहायचा.

पहिल्यांदा ते बघून मी विचारलं, "बाबा, तिथे काय करताय?"

"पाव्हन्याला काय दिसतंय ते बघतोय."

"कागदाला काय दिसणार?"

"तुला बिऱ्हाड दाखवलं तर तू दारात उभा राहून बाहीर बघशील का न्हाई? तसंच. ह्यो तिसरा हाय ना, ह्याला साहेब दिसत न्हाई, नुसतं ऊन दिसतंय. सरकवाया पायजे." आणि खरोखर तो उभं केलेलं टार्गेट उपटून हातभर बाजूला रोवायचा. नेम धरणाऱ्याला त्याने काही फरक पडायचा का, देव जाणे. शिपाई हसायचे. तो ऐकायचा नाही, कारण ऐकू यायचं नाही.

काजळीने माणूस काढायचा तो, पण चेहऱ्यावर डोळे कधी काढायचा नाही. एका हौशी शिपायाने एकदा एका टार्गेटाला डोळे, मिशा आणि जपान्याची टोपी काढली. म्हाताऱ्याने ते टार्गेट उभंच केलं नाही. "डोळं काढलं की वळखीचा हुतो. मंग मला त्याच्या छातीवर ठिगळ लावताना कसंतरी हुतं," असं म्हणाला. ठिगळ म्हणजे गोळीने पडलेल्या भोकावर डकवायचा कागदाचा तुकडा. गोळ्या झाडून झाल्या की हातात खळीचं मडकं घेऊन तो पुढे जायचा, कोणाचे किती नेम लागले ते ओरडून सांगायचा, मग एकेक भोक बुजवायचा. बुजवताना पाहुण्यांशी काहीतरी पुटपुटायचा. चिंध्या झालेलं टार्गेट तो जाळू देत नसे. त्याचं तरट धुऊन, शिवून त्याने स्वतःसाठी वाकळ केली होती. ती भोकाभोकांची वाकळ उन्हात वाळत घातलेली मी पाहिली आहे. मी म्हटलं, "बाबा, मी चांगलं तरट देतो की. ह्यातून वारा येत असेल."

"येतो ना. पन ही भोकं सरकारी हायती. अशी भोकं तुला बाजारात न्हाई मिळायची, शेट."

शेळ्यांची गोष्ट सांगितल्याशिवाय तो माणूस कळायचा नाही. खळ गव्हाच्या पिठाची असायची आणि तिच्यात मोरचूद घालावं लागायचं, नाहीतर माळावर चरायला आलेल्या शेळ्या टार्गेटं चाटून कागदासकट खायच्या. लढाईमुळे एकदा मोरचूद कुठेच मिळेना. मी म्हाताऱ्याला सांगितलं की थोडे दिवस बिनमोरचुदाची खळ वापरा. त्याने मला माळभर ऐकू जाईल एवढ्या शिव्या दिल्या आणि खळ वापरली. नेमकी त्याच वेळी बाहेरून आलेल्या कोणा जनरलापुढे गोळीबार दाखवायचा होता. म्हाताऱ्याने आदल्या संध्याकाळीच टार्गेटं उभी केली होती. सकाळी बघतो तर शेळ्यांना जिथपर्यंत तोंड पोचलं तिथपर्यंत सगळे पाहुणे खाल्लेले. एकालाही पाय नाही.

मक्ता गेला म्हणूनच समजा. म्हाताऱ्याने काय करावं? त्याने एकही चौकट उतरवली नाही. उलट खालचं लोंबणारं तरट नीट कापून सारखं केलं आणि सगळे पाहुणे कमरेपासून वर ओळीने उभे. जनरल आला, त्याने दुर्बीण लावली आणि विचारलं की हे असं का. मोठा साहेब, म्हणजे चांदमारी ज्याच्या हाताखाली होती तो मेजर, लाल होऊन म्हाताऱ्याकडे बघायला लागला. म्हातारा एक पाऊल पुढे झाला आणि ठणकावून म्हणाला, "दुश्मन खंदकात हुभा हाय, साहेब! पाय कशे दिसतील?"

दुभाष्याने ते सांगितलं. जनरल इतका हसला की त्याची टोपी सरकली. पुढे कितीतरी दिवस त्या चांदमारीवर मुद्दाम बिनपायांची टार्गेटं लावायची रीत पडली. मला त्यात तरट कमी लागायला लागलं, म्हणजे माझं नुकसानच. ते मी म्हाताऱ्याला ऐकवलंही. तो म्हणाला, "शेळ्यास्नी जाऊन सांग."

त्या दिवसापासून मोठा साहेब म्हाताऱ्यावर खूश होता, आणि शिट्टीची रीत त्यानेच मान्य केली. ही रीत नीट समजून घ्या, कारण सगळी गोष्ट तिच्यावर आहे.

चांदमारीवर हुकूम तोंडाने द्यायचा नाही, शिट्टीने द्यायचा. शिट्टी वाजली की रांगेने गोळ्या झाडायच्या. वाजली नाही तर कोणी हात उचलायचा नाही. शिट्टी रांगेवरच्या अंमलदाराच्या गळ्यात असायची. गोळ्या झाडून झाल्या की म्हातारा त्या अंमलदारापुढे जाऊन हात पसरायचा. अंमलदार गळ्यातली शिट्टी काढून त्याच्या हातात द्यायचा, म्हातारा ती आपल्या गळ्यात घालायचा आणि मगच खळीचं मडकं घेऊन टार्गेटांकडे जायचा. परत आला की शिट्टी परत. तो पुढे असताना हुकूम देणारी वस्तूच त्याच्या गळ्यात. "शिट्टी हिकडं हाय तवर तुमची समदी फौज मुकी," असं तो म्हणायचा. सुरुवातीला गोऱ्यांना हा म्हाताऱ्याचा तोरा वाटला. पण मोठ्या साहेबाने सांगितलं की बुढ्ढा मागेल तेव्हा शिट्टी द्यायची, आणि मग सगळे द्यायला लागले. काही तरणे गोरे तर गमतीने सलाम ठोकून द्यायचे. म्हातारा सलाम घ्यायचा आणि ऐटीत चालायला लागायचा. गळ्यात शिट्टी असली की त्याची चाल बदलायची. तेवढी वाट तो फौजेचा मालक असायचा.

त्याला विचारा, तुमच्या आयुष्यात तुम्ही काय केलं, तर त्याने एकच सांगितलं असतं: शिट्टी घेतल्याशिवाय कधी पुढे गेलो नाही.

मग तो नवा कप्तान आला. वयाने लहान, तोंडावर अजून लव होती. माणूस वाईट होता असं मी म्हणत नाही. घाईचा होता. हिवाळ्याचे दिवस होते. मी तरटाची गाडी घेऊन सकाळीच पोचलो होतो आणि रांगेच्या बाजूला गाडीपाशीच उभा होतो, म्हणून मी हे माझ्या डोळ्यांनी पाहिलं. गोळ्या झाडून झाल्या. म्हातारा नेहमीप्रमाणे कप्तानापुढे गेला आणि त्याने हात पसरला.

कप्तान म्हणाला, "क्या मंगता?"

"शिट्टी, साहेब."

"सीटी? सीटी साहब का है. तुम जाओ, काम करो."

म्हाताऱ्याने हात मागे घेतला नाही. तसाच उभा राहिला. रांगेतले सगळे बघत होते. एक हवालदार पुढे होऊन कप्तानाला हळूच म्हणाला की साहेब, इथे अशी रीत आहे. कप्तानाला राग आला. रीत त्याला शिकवायची नाही, असं काहीतरी तो इंग्रजीत म्हणाला, आणि मग म्हाताऱ्याकडे वळून मोठ्याने विचारलं, "डरता है, बुढ्ढा?"

हा प्रश्न त्याला ऐकू आला. नेमका हाच ऐकू आला. त्याने हात खाली घेतला, मुंडाशातला कुंचा काढला, मडकं उचललं आणि निघाला. त्याची ती चाल मी पाहिली. नेहमीची नव्हती. साधा पोटासाठी काम करणारा म्हातारा चालतो तसा चालला होता.

तो टार्गेटांच्या ओळीच्या मधोमध असेल. रांगेच्या उजव्या टोकाला कुठूनशी एक शेळी आली आणि ठेवलेल्या कागदांत तोंड घालायला लागली. कप्तानाने तिला हाकलायला हात केला, ती हलेना. आणि त्याने काय केलं? गळ्यातली शिट्टी तोंडात घालून फुंकली. शेळीला हाकलायला! रांगेच्या डाव्या टोकाला एक नवा शिपाई होता, पिस्तुलात पुन्हा गोळ्या भरून तयार. त्याला शेळी दिसत नव्हती. त्याला एकच शिकवलं होतं, शिट्टी वाजली की मारायचं. त्याने मारलं.

म्हातारा पडला नाही. त्याने आधी मडकं खाली ठेवलं, मग स्वतः बसला. आम्ही धावत गेलो तेव्हा उजव्या हाताचा पंजा डाव्या हाताने आवळून धरला होता आणि रक्त खळीत ठिबकत होतं. मला म्हणाला, "शिट्टी वाजली ना रं? मला ऐकू आली. इतक्या लांबून मला ऐकू आली."

दोन बोटं गेली. छावणीच्या दवाखान्यात त्याला ठेवलं होतं. काही दिवसांनी मोठ्या साहेबाने मला बंगल्यावर बोलावलं. खुर्ची दिली. मक्तेदाराला गोरा खुर्ची देतो तेव्हा काहीतरी विकत घ्यायचं असतं हे मला कळत होतं. म्हणाला, चौकशी बसणार आहे. कप्तान पोरगा आहे, लढाई चालू आहे, त्याच्या नावावर हा डाग लागला तर त्याचा जन्म वाया जाईल. बुढ्ढ्याने एवढंच म्हणावं की मी न विचारता पुढे गेलो, शिट्टी मागितली नाही. त्याला काही होणार नाही. मी शब्द देतो.

मी सौदा करणारा माणूस आहे. मी ताबडतोब हो म्हटलं नाही. मी म्हटलं, म्हाताऱ्याची खोली त्याच्याकडे मरेपर्यंत राहिली पाहिजे. साहेब म्हणाला, राहील. मी म्हटलं, काम त्याच्याकडेच राहिलं पाहिजे, हाताने होत नसेल तर हाताखाली माणूस द्या. म्हणाला, देतो. मी म्हटलं, आणि तो जे मागेल ते एक. साहेब हसला, म्हणाला, कबूल. उठून त्याने माझा हात हातात घेतला. नगरात त्या काळी गोऱ्या साहेबाने हात दिलेला मक्तेदार मी एकटा असेन. मला त्याचा अभिमान वाटला. आज तो हात आठवला की मी पंचा घेऊन तळवा पुसतो.

दवाखान्यात गेलो. आता म्हाताऱ्याशी गुप्त बोलायचं म्हणजे काय? मला त्याच्या उजव्या कानाशी तोंड नेऊन ओरडावं लागत होतं. दोन्ही बाजूंच्या खाटांवरचे शिपाई उठून बसले. दारात पट्ट्या बांधणारा ड्रेसर उभा राहिला. मी ओरडून सांगितलं, "साहेब म्हणतो, शिट्टी मागितली नाही असं सांगा!"

"मागितली हुती की!" तो माझ्या दुप्पट ओरडला. "समद्यांनी बघितलं!"

"बघितलं हो! पण सांगायचं नाही! खोली राहील, काम राहील! त्याने शब्द दिलाय!"

त्याने पट्टी बांधलेला हात पोटावर ओढून घेतला. मग त्याने मला नुसतं एक विचारलं, "तू सौदा केलास?"

"मी केला. घासून केला."

"मंग बरूबर आसंल. तू मला बांबू सोडून कशातच फशीवलं न्हाईस." म्हणजे बांबूंचं त्याला ठाऊक होतं! खाटेवरचे शिपाई हसले. मग तो म्हणाला, "माझं एकच. शिट्टीची रीत परत चालू करायची. मी पुढं जाईन तवा शिट्टी माझ्या गळ्यात. ते साहेबाला सांग."

मी परत बंगल्यावर जाऊन ते सांगितलं. साहेबाने मान हलवली.

चौकशीला म्हातारा धुतलेला कोट घालून गेला. मला आत येऊ दिलं नाही, दरवाज्याबाहेर उभा होतो. पण त्याचा आवाज दरवाज्यात अडणारा नव्हता. विचारलं की तू शिट्टी मागितलीस का. म्हाताऱ्याचा आवाज आला, "न्हाई. न इचारता गेल्तो." बाहेर आला तेव्हा माझ्याकडे बघितलं नाही. टांग्यात बसताना एवढंच म्हणाला, "लई जड बोललो बग आज."

पुढच्याच आठवड्यात हुकूम निघाला. ज्या माणसाने स्वतः कबूल केलं की तो नियम मोडून पुढे जातो, त्याला चांदमारीवर ठेवणं धोक्याचं आहे, म्हणून त्याला काढलं आहे, खोली रिकामी करावी. त्याच्याच शब्दाने त्याला बांधलं. मी तडक बंगल्यावर गेलो. साहेबाच्या पेट्या व्हरांड्यात बांधून ठेवलेल्या. बदली झाली होती. मी फाटकातून हाक मारली. खिडकीतला पडदा हलला, साहेब बाहेर आला नाही. अर्दली येऊन म्हणाला, साहेब झोपले आहेत. भर दुपारी! मी फाटकाबाहेर उभा राहून एवढ्या मोठ्याने बोललो की शेजारच्या बंगल्यातली मडम बाहेर आली. मग माळावर गेलो, गाडीतले सगळे बांबू चांदमारीच्या मधोमध ओतले आणि त्या दिवशी मक्ता सोडला. लोक म्हणाले, रागीट आहे, पायावर धोंडा पाडून घेतला. पाडून घेतला. परत नीट सांगतो, तो धोंडा मी अजून उचललेला नाही.

म्हातारा सोनईला भाचीकडे गेला. मी सोनईच्या बाजाराला जायचो, त्याच्याकडे जायचो. पहिल्यांदा गेलो तेव्हा ज्वारी हुरड्यात आली होती. भाचीच्या शेतात त्याने डाव्या हाताने बुजगावणी केली होती, बांबूच्या चौकटीची, तरटाची, बिनडोळ्यांची, कमरेपासून वर, आणि सरळ रेषेत ओळीने उभी. गावात कोणाच्या शेतात अशी ओळ नव्हती. मी गेलो तेव्हा तो एकाला पाठ लावून उभा होता.

"ह्याला काय दिसतंय, बाबा?" मी ओरडलो.

"पाखरं दिसत्यात. साहेब न्हाई दिसत. बरं हाय."

आम्ही बांधावर बसून हुरडा खाल्ला. मी त्याला म्हटलं, माझ्यावर राग असेल तर बोला. तो हसला. "तुजा सौदा चोख हुता, शेट. माल खोटा निघाला. त्याला तू काय करशील?" मग रस्त्याने जाणाऱ्या दोन माणसांनी त्याला हाक मारली, "काय शिट्टीवाले, आज इचारून आलाय न्हवं?" आणि हसत पुढे गेली. नगरातून ही गोष्ट त्याच्या आधीच सोनईला पोचली होती: शिट्टी न घेता गेलेला म्हातारा. हुरड्याची मूठ त्याच्या हातात तशीच राहिली. "हे मातर नको हुतं," एवढंच तो म्हणाला.

स्वराज्य आल्यानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात तो गेला. शेवटी भेटलो तेव्हा त्याला मी दिसत नव्हतो, पण आवाज ओळखला. म्हणाला, "नगरात येकदा सांग लोकास्नी. मागितली हुती म्हनून."

मी सांगत आलो. छावणीत आता आपली माणसं होती. एका आपल्या मेजरने मला चहा पाजला, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, शेटजी, ती गोऱ्यांच्या काळची गोष्ट, ते गेले, आता कोणाला विचारायचं? मी चहाचा कप तसाच ठेवून उठलो. गोरे गेले, पण त्यांनी लावलेला डाग इथेच ठेवून गेले ना?

एवढ्यावर मी कदाचित गप्प बसलो असतो. पण मागच्या महिन्यात माझ्या शेजाऱ्याचा मुलगा छावणीतून शिकून सुट्टीवर आला. ओट्यावर बसून सांगत होता की चांदमारीवर पहिल्या दिवशी नेम शिकवणारा उस्ताद सगळ्यांना एक गोष्ट सांगतो. पूर्वी इथे एक म्हातारा होता, तो शिट्टी न मागता टार्गेटाकडे गेला आणि हाताची बोटं गमावून बसला, म्हणून नियम पाळा. मुलगा हसत सांगत होता. मी त्याला असा काही बोललो की त्याची आई धावत बाहेर आली. पोराचा काय दोष? पण इतक्या वर्षांनी त्या माळावर दरवेळी नव्या रांगेपुढे म्हाताऱ्याला पुन्हा उभं करतात, डोळे न काढलेल्या टार्गेटासारखं, आणि त्याच्यावर हे खोटं मारतात. त्याला ठिगळ लावायला कोणी जात नाही.

म्हणून आता छापून विचारतो. त्या सकाळी रांगेत पुष्कळ माणसं होती. त्यातली काही नगर, भिंगारला अजून आहेत. मी त्यांना बाजारात बघतो आणि ती मान वळवतात. दवाखान्यातल्या खाटांवर जी होती त्यांनी माझा सौदा शब्दनशब्द ऐकला आहे. कप्तान कुठे असेल ते मला माहीत नाही, मोठा साहेब बहुधा मेला असेल. पण छावणी तिथेच आहे, उस्ताद तिथेच आहे, आणि गोष्ट अजून सांगितली जाते. जो कोणी आज त्या चांदमारीचा अंमलदार असेल त्याने मला उत्तर द्यावं. इथे नको, माझ्या घरीही नको. माळावर, नव्या रांगेपुढे उभं राहून, मोठ्याने, म्हाताऱ्याला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने द्यावं. तो पुढे गेला तेव्हा शिट्टी कोणाच्या गळ्यात होती?